प्लेअरचा हेडफोन जॅक: साफ करावा, टाका मारावा की बदलावा?

एका कानातला आवाज गेला की बरेच जण थेट नागपूरच्या बर्डी बाजारात म्युझिक प्लेअर नेऊन ‘जॅक बदलून द्या’ म्हणतात. पण दोष जॅकमध्येच असेल असं नाही. आधी दुसरा, नक्की चालणारा हेडफोन लावून पाहा. तरीही बिघाड तसाच राहिला, तर त्याचं लक्षण नीट ओळखा, कारण उपाय त्यावरच ठरतो.

पिन पूर्ण आत जात नसेल, ‘टक्’ असं बसत नसेल, तर तळाशी खिशातला कापूस दाबून बसलेला असतो. हेडफोन लावूनही प्लेअरला तो कळत नसेल, तर जॅकमधला ओळखणारा स्विच काळा पडलेला किंवा अडकलेला असतो. गाण्यातला गायक गायब होऊन नुसतं पोकळ संगीत उरत असेल, तर ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची सामाईक जोडणी, तुटलंय: दोन्ही स्पीकर एकमेकांना जोडले जातात आणि दोन्ही बाजूंना सारखा असलेला आवाज कटतो. पिन हलवली की खरखर होऊन आवाज येत-जात असेल, तर ड्राय सोल्डर (जॅकचा पाय बोर्डला जोडणारा सोल्डरचा टाका फुटलेला) किंवा पिनला धरणारी जॅकमधली स्प्रिंग थकलेली.

सफाई

सगळ्यात स्वस्त, आणि पहिल्या दोन लक्षणांवर बहुधा पुरेशी. प्लेअर बंद करा. लाकडी टूथपिकने कचरा बाहेर ओढा. धातूची सुई नको, स्प्रिंग वाकते. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब हेडफोनच्या पिनवर घेऊन ती दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा आणि अर्धा तास वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका. त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पावसाळ्यात किंवा कूलरच्या दमट हवेत राहिलेल्या प्लेअरला हा उपाय चांगला लागू पडतो. तुटलेल्या टाक्याला मात्र त्याचा काही उपयोग नाही.

टाका मारणं की नवा जॅक

खरा निर्णय इथे आहे आणि तो मल्टिमीटरने होतो. प्लेअर उघडून बॅटरी सोडवा. जुन्या इयरफोनची पिन जॅकमध्ये घाला. मीटरचं एक टोक त्या पिनच्या डाव्या चॅनेलच्या तारेला, दुसरं जॅकच्या संबंधित पायाला लावा आणि पिन हलवा. आकडा एक ओहमच्या आसपास स्थिर राहिला, तर स्प्रिंग ठीक आहे. मग तो पाय आणि बोर्डवरचा पुढचा घटक यांच्यात मोजा. इथे आकडा उड्या मारत असेल, तर टाका फुटलाय. उजवा चॅनेल आणि ग्राउंडही असेच तपासा.

टाका फुटला असेल तर जॅक काढूच नका. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारी पेस्ट) लावा, सोल्डरिंग आयर्नच्या सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापलेल्या टोकाने थोडं ६३/३७ (कथील-शिसं) सोल्डर भरा, प्रत्येक पायावर दोन-तीन सेकंद. त्यापेक्षा जास्त तापवलं तर बोर्डवरची प्रिंट, म्हणजे तांब्याची पट्टी, उठते.

स्प्रिंगच गेली असेल तर नवा जॅक लागतो. सुटा जॅक तर्री-पोह्याच्या प्लेटपेक्षा स्वस्त मिळतो, पण ३.५ मिमी हे फक्त भोकाचं माप आहे. पायांची संख्या, त्यांच्यातलं अंतर आणि बोर्डपासून भोकाची उंची जुळली नाही, तर तो बसतच नाही. म्हणून जुना जॅक सोबत नेऊन दाखवा, किंवा त्याच मॉडेलच्या भंगार बोर्डवरचा मिळवा. काढताना एका दमात उपसू नका. आधी कटरने प्लास्टिक तोडा, मग एकेक पाय वेगळा गरम करून काढा. प्रिंट वाचवायचा हाच सुरक्षित मार्ग आहे. सोल्डर वितळवायला हॉट एअर (गरम हवेचं यंत्र) वापरायचं असेल तर लिथियम बॅटरी आधी प्लेअरबाहेर ठेवा.

पट्टा बदलणं

आयपॉड व्हिडिओ (२००५) आणि क्लासिक (२००७ ते २०१४) यांत जॅक आणि होल्ड स्विच (बटणं लॉक करणारा) एकाच फ्लेक्स, म्हणजे लवचिक सर्किटच्या, पट्ट्यावर, मागच्या झाकणाला स्क्रूने बसवलेले असतात. इथे सोल्डरिंगच्या भानगडीत पडू नका, अख्खा पट्टाच बदला. व्हिडिओच्या पातळ आणि जाड मॉडेलचे पट्टे वेगळे असतात, एवढं घेताना पाहा. अडचण उघडण्याची आहे: क्लासिकचं धातूचं कव्हर घट्ट क्लिपांवर असतं, घाईने ओढलं तर कायमचं वाकतं. आतल्या कनेक्टरची चिमुकली कडी नखाने उचला, पट्टा ओढू नका.

जॅकला वळसा

जॅकमध्ये लावायचा ब्लूटूथ ट्रान्समीटर इथे कुचकामी आहे, कारण तो त्याच बिघडलेल्या भोकातून आवाज घेतो. आयपॉडच्या खालच्या ३० पिनी कनेक्टरमधून लाइन-आउट केबलने मात्र आवाज मिळतो. त्यावर प्लेअरचा व्हॉल्यूम चालत नाही, त्यामुळे घरच्या अॅम्प्लिफायरसाठी ठीक, चालताना ऐकायला नाही.

दुकानात देणार असाल तर ‘टाका मारणार की जॅक बदलणार’ हे आधी विचारा, आणि परत घेताना पिन गोल फिरवून दोन्ही कानांचा आवाज तिथेच तपासा. पुढे ‘एल’ आकाराच्या पिनचा हेडफोन वापरा. सरळ पिन खिशात तरफेसारखी जॅकच्या पायांवर जोर देते आणि नवा टाकाही तिथेच फुटतो.