कागदी होल्डर, स्लॅब की आपला डोळा?

चांदीचे दोन रुपये. दोन्ही सातव्या एडवर्डचे, १९०७ चे. एक कागदी होल्डरमध्ये, त्यावर पेनाने लिहिलेलं ‘यूएनसी’. दुसरा प्लास्टिकच्या बंद स्लॅबमध्ये, लेबलवर ‘एमएस ६२’. नाण्यांचा नवा नाद लागलेल्या शेजारच्या मुलाने मोबाइलवर फोटो दाखवले. ‘काका, स्लॅबवाला जवळपास तिप्पट महाग आहे. भरवसा कोणाचा ठेवायचा?’

पेनाने लिहिलेल्या अक्षरांपासून सुरू करू. ‘यूएनसी’ म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं, आणि हे लिहिणाराच ते विकणारा असतो. पंधराएक वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात ‘भिया, एकदम मिंट है’ असं ऐकून मी असाच एक रुपया घेतला. घरी दिव्याखाली फिरवला तर सगळीकडे बारीक समांतर ओरखडे. कोणीतरी लक्ष्मीपूजनाआधी पितांबरीने घासला असावा. व्यापारी खोटं बोलला असंही नाही. त्याच्या लेखी चकचकीत ते नवं.

स्लॅबवरचा आकडा नाण्याची अवस्था मोजणाऱ्या शेल्डन पट्टीचा, १ ते ७०. विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये ती अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. ६० पासून वर न फिरलेली नाणी (‘एमएस’ म्हणजे ‘मिंट स्टेट’), ५० ते ५८ किंचित झिजलेली. नाणी तपासून स्लॅबमध्ये बंद करणाऱ्या पीसीजीएस (१९८६ पासून) आणि एनजीसी (१९८७ पासून) या कंपन्या नाणी विकत नाहीत, आणि एकच नाणं एकाहून जास्त जण तपासतात. भरवसा आहे तो इथे. तरीही शेवटी ते मतच: स्लॅब फोडून तेच नाणं पुन्हा पाठवलं तर ६२ चं ६१ किंवा ६३ होऊ शकतं. त्यामुळे ५८ आणि ६२ मधल्या फरकाला पैसे द्यावेत, ६२ आणि ६३ मधल्या फरकाला नवख्याने देऊ नयेत. लेबलवर ‘डिटेल्स’ असेल तर नाणं घासलेलं किंवा खराब झालेलं आहे. स्लॅब आहे म्हणून भाव चढा लावला असेल तर सरळ परत द्यावं. नकली स्लॅबही निघतात. लेबलवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर घालून, फोटो असेल तर डाग न् डाग जुळवायचा.

तिसरा पर्याय फुकटातला आहे, पण वेळखाऊ. दहापटीचं भिंग घ्या, सराफ्यातल्या कोणाकडूनही वजन करून घ्या (नवा रुपया ११.६६ ग्रॅम, झिजलेला किंचित कमी), आणि एडवर्डच्या कानावरचे केस पाहा. झीज तिथून सुरू होते. मूळ झळाळी नाणं फिरवलं की चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घासलेल्या नाण्याची चमक जागच्या जागी थिजलेली असते. पन्नास नाणी हाताळली की हा फरक कोणी सांगावा लागत नाही.

आता इंदूरकरांचा खास प्रश्न, होळकरी नाणी. इंदूरच्याच मल्हारनगर टाकसाळीचा सूर्यमुखाचा रुपया हाताने, हातोड्याने पाडलेला. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे अर्धा मजकूर बाहेरच राहतो. इथे शेल्डनचा आकडा झीज सांगेल, पण आपल्याला हवं असतं ते सूर्य पुरता उमटलाय का आणि सालाचा आकडा चकतीवर आलाय का. शिवाय जुन्या सराफांनी चांदी पारखताना मारलेल्या टिकल्या. मला त्या आवडतात, पण त्यांनी किंमत उतरते. अशा नाण्याला मी आकड्यापेक्षा जुन्या जाणकाराची नजर जास्त मानतो. शिवाजीराव होळकरांचं बसलेल्या नंदीचं तांब्याचं पाव आणा यंत्रावर पाडलेलं खरं, पण स्वस्त. त्याला स्लॅब म्हणजे गड्याच्या मजुरीपेक्षा टोपलीच महाग. त्यांच्याच चेहऱ्याचा संवत १९५६ चा रुपया मात्र स्लॅबशिवाय नवख्याने घेऊ नये. दुर्मिळ आहे, आणि चूक महागात पडते.

राहिले ते दोन रुपये. १९०७ हे साल सहज मिळणारं आहे, त्याच्यासाठी तिप्पट पैसे मी तरी मोजणार नाही. कागदातला रुपया दुपारच्या उजेडात होल्डरबाहेर काढून पाहू द्या म्हणावं. कानावरचे केस शाबूत असतील आणि ओरखडे नसतील, तर घ्यावा, पण भाव ‘किंचित झिजलेला’ धरूनच करावा. होल्डर उघडायला नकार मिळाला तर दुसरं दुकान गाठावं.