स्पोर्ट्स न्यूट्रिशन कोचचा कोर्स: अकरा महिन्यांनी लिहितेय

कोर्स घ्यायच्या आधी मी ढीगभर रिव्ह्यू वाचले होते. जवळजवळ सगळे सर्टिफिकेट हातात पडल्याच्या आठवड्यात लिहिलेले, आनंदाच्या भरात. तेव्हाच ठरवलं होतं की आपण लिहायचं तर शिकलेलं माणसांवर वापरून झाल्यावर. आता अकरा महिने झालेत. सहा कोर्सचे, पाच ग्राउंडवरचे. संस्थेचं नाव देत नाही. माहितीपत्रकं शेजारी ठेवून बघितली तर या नमुन्याचे बरेच कोर्स उन्नीस-बीसच आहेत.

मी धाराशिव जिल्ह्याकडून खो-खो खेळले, मग बी.पी.एड. केलं. सध्या लातूरला पहाटे पोलीस भरतीच्या मुलामुलींचं ग्राउंड घेते आणि संध्याकाळी खो-खोच्या मुलींना शिकवते. आमच्या वेळी चहा-खारीवर सकाळचे सामने व्हायचे. दुसऱ्या डावात पाय जड झाले की सर म्हणायचे, "जिद्द कमी पडली." कोर्सच्या दुसऱ्या आठवड्यात ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या साखरेचा, धडा आला तेव्हा पहिल्यांदा कळलं की जिद्दीचा त्यात फारसा दोष नव्हता.

आधी तक्रारी उरकते. फी अडतीस हजार, हप्त्याने. जाहिरातीत 'शंभर टक्के प्लेसमेंट' होतं. प्रत्यक्षात तो एक व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात पुण्या-मुंबईच्या जिमच्या जाहिराती पुढे ढकलल्या जातात. 'आजीवन मान्यता' म्हणजे दर दोन वर्षांनी नूतनीकरणाची फी, हे पैसे भरल्यावर समजलं. परीक्षा कॅमेऱ्यासमोर, घरून. माझ्या पहिल्या परीक्षेत बेचाळिसाव्या प्रश्नाला लाईट गेली, कॅमेरा बंद झाला आणि परीक्षा रद्द. महावितरणचा मेसेज दाखवला तरी पुन्हा अडीच हजार घेतलेच. शिवाय शेवटच्या महिन्यात प्रत्येकाला पावडरच्या एका कंपनीचा डिस्काउंट कोड मिळतो. तुमच्या कोडवर डबा विकला गेला की कमिशन तुमचं. मी तो कोड वापरला नाही. यात माझा मोठेपणा नाही, इथल्या पोरांकडे डब्याइतके पैसेच नाहीत.

आता चांगलं. आकडे चांगले शिकवले. विसाव्या वर्षाचा, ६२ किलोचा, १७० सेंटिमीटर उंचीचा मुलगा नुसता पडून राहिला तरी त्याला दिवसाला साधारण १,५९० कॅलरी लागतात, आणि रोज दोन तास ग्राउंड असेल तर २,७०० च्या आसपास. हे सूत्र आता मला तोंडपाठ आहे. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, सराव करणाऱ्याला १.४ ते २ ग्रॅम. आणि रोज तासभर घाम गाळणाऱ्याला किलोमागे ५ ते ७ ग्रॅम कार्बोहायड्रेट. हा शेवटचा आकडा माझ्यासाठी सगळ्यात कामाचा ठरला. आपल्याकडे जिमपासून तालमीपर्यंत सगळी चर्चा प्रोटीनवर अडलेली असते आणि १६०० मीटर पळणारं पोरगं 'फॅट वाढतं' म्हणून भात सोडून बसलेलं असतं.

सप्लिमेंटचा भागही प्रामाणिक होता, कोडची भानगड सोडली तर. ऑस्ट्रेलियाच्या क्रीडा संस्थेने पुरावा किती पक्का यावरून सप्लिमेंटची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी केलीय, ती नीट समजावली. पहिल्या गटात मोजकीच नावं आहेत. त्यातलं क्रिएटिन दिवसाला ३ ते ५ ग्रॅम पुरतं, बाकी रंगीत डब्यांवर पैसे घालवायची गरज नाही. आणि बंदी असलेलं द्रव्य खेळाडूच्या अंगात सापडलं तर 'मला माहीत नव्हतं' ही सबब चालत नाही, भेसळ डब्यातली असली तरी. हे मी खो-खोच्या मुलींच्या पालकांना बैठक घेऊन सांगितलं.

कोर्स कुठे हुकला? जेवणात. ओट्स, ॲव्होकाडो, सामन मासा. 'भारतीय आहार' नावाची अकरा पानांची पीडीएफ होती, तिच्यात पनीर टिक्का दोनदा. सोबतच्या ॲपमध्ये 'रोटी' होती, भाकरी नव्हती. कण्या, धपाटे, माडगं, येसर यांची तर बातच सोडा. शेवटी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटकांचे तक्ते शोधून काढले. ५२८ पदार्थ, सगळे आपल्या मातीतले. फक्त ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिलीय, कॅलरीसाठी प्रत्येक आकड्याला ४.१८ ने भागत बसावं लागतं. ज्वारीत १०० ग्रॅमला १० ग्रॅम प्रोटीन, शेंगदाण्यात तेवीसच्या वर, मूगडाळीत तेवढंच. सोयाबीनमध्ये पस्तीसच्या पुढे! अख्खं लातूर सोयाबीनच्या भावावर जगतं, आणि इथल्या ताटात ते औषधालाही सापडत नाही.

पण कोर्स खरा हुकला तो दुसऱ्याच जागी. त्याने असं धरून चाललंय की समोरच्या माणसाच्या घरी स्वयंपाकघर आहे.

माझ्याकडची सव्वीस पोरं-पोरी औसा, निलंगा, अहमदपूर, रेणापूरकडून आलेली. एका खोलीत तिघं-चौघं, अभ्यासिकेत जागा, आणि मेस. मी पहिल्या महिन्यात उत्साहाने प्रत्येकाला चार्ट दिला. आठवड्याने विचारलं तर सगळे माना खाली घालून उभे. एकजण म्हणाला, "मॅडम, सकाळी आठला नाश्ता लिहिलाव तुम्ही. मेस साडेदहाला उघडतीय."

तिथे डोक्यात प्रकाश पडला. ग्राउंड साडेपाचला. आदल्या रात्रीचं जेवण साडेआठचं. म्हणजे नऊ तास पोट रिकामं, त्यावर दोन तास पळापळ, आणि मग पुन्हा तीन तास नुसत्या चहावर. सराव संपल्यावर शरीर ज्या वेळी अन्नाची वाट बघत असतं, त्याच वेळी पोरं अभ्यासिकेत पेंगत असतात. वेग वाढत नाही म्हणून मी त्यांना आणखी पळवत होते!

मग मेसवरच गेले. मावशींची परवानगी घेऊन एक ताट वजनकाट्यावर ठेवलं. पोळ्या तीन, प्रत्येकी पस्तीस ग्रॅम पिठाच्या. भात, बटाट्याची भाजी, वरण. वरणाची वाटी मी चहाच्या गाळणीतून गाळली. मावशी बघतच राहिल्या, "मॅडम, वरण कशाला गाळायलाव?" गाळणीत राहिला तो गाळ हाताने दाबून तोलला आणि हिशेब केला, कच्ची डाळ पंधरा ग्रॅमही नसावी. म्हणजे त्या वाटीत प्रोटीन तीन ग्रॅम. दोन्ही वेळचं ताट धरून आकडा पंचेचाळीसच्या पुढे जाईना, आणि ६२ किलोच्या पोराला हवेत शंभर. मावशींवर राग नाही माझा. महिन्याच्या मेसच्या पैशात आणि आजच्या डाळीच्या भावात दुसरं काय होणार?

तेव्हापासून चार्ट बंद केले. आता पोरांच्या पिशवीत काय बसतं तेवढंच बघते. पळायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक केळं, अर्धापूरकडची केळी इथे बारमाही मिळतात. केळं नको असेल तर मूठभर चुरमुरे आणि गुळाचा खडा. ग्राउंड संपल्या संपल्या रात्री भिजवलेले हरभरे, मूठभर शेंगदाणे, गूळ, दोन उकडलेली अंडी. जो अंडी खात नाही त्याला जास्तीचं दूध. संध्याकाळी सोयाबीनच्या वड्या, तीस ग्रॅम म्हणजे पंधरा ग्रॅम प्रोटीन. दिवसाचा सगळा खर्च चाळीस-बेचाळीस रुपये. पावडरच्या एका चमच्याला सत्तर-ऐंशी पडतात आणि त्यात कार्बोहायड्रेट नावालाच.

एकाचे वडील भेटायला आले होते, फेटेवाले. म्हणाले, "आष्टीचा साबळे काय पावडर पिऊन पळला का?" अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांत पळला, राष्ट्रीय विक्रम. मी म्हटलं, काका, तो पळायला लागला लष्करात गेल्यावर, आणि तिथे ग्राउंड झाल्यावर पोरांना साडेदहापर्यंत उपाशी ठेवत नाहीत. काका हसले. दुसऱ्या दिवशी पाच किलो शेंगा पाठवून दिल्या.

माझी एक चूकही लिहायला हवी. सोयाबीनच्या उत्साहात मी ग्रुपवर टाकलं, 'रात्री भिजवा, सकाळी खा.' शिजवा हा शब्दच लिहिला नाही. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतात, त्याने प्रोटीन पचत नाही आणि पोटाचा नगारा होतो. हे कोर्समध्ये होतं, परीक्षेत त्यावर प्रश्नही आला होता, मी बरोबर सोडवला होता. तरी तीन पोरं सराव चाचणीच्या दिवशी ग्राउंड सोडून झुडपाकडे पळाली. तेव्हापासून सोयाबीन म्हणजे फक्त वड्या, आणि दाणे असतील तर कुकरच्या शिट्ट्या मोजून.

पाण्याचं फार लांबवत नाही. मे महिन्यात पळण्याआधी आणि नंतर वजन करायचं, जितकं घटलं त्यात मध्ये प्यालेलं पाणी मिळवलं की तितका घाम. एकजण सत्तर मिनिटांत अर्धा लिटर पाणी पिऊनही १.१ किलोने उतरला, म्हणजे घाम गेला १.६ लिटर. लिंबू-मीठ-साखरेची बाटली प्रत्येकाजवळ असतेच आता.

आता एका मुलीबद्दल. तिला विचारून लिहितेय. एकोणीस वर्षांची, ४८ किलो, ८०० मीटरमध्ये माझ्याकडच्या मुलींत सगळ्यात पुढे. भरतीत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण या एका पळण्याचे, त्यामुळे तिच्यावर सगळ्यांची आशा. सहा आठवड्यांत तिचा वेळ वाढत गेला आणि नडगी दुखायला लागली. खाण्याचं विचारता विचारता म्हणाली, चार महिने पाळी आली नाही. वर म्हणते, "बरंच हाय की मॅडम, ग्राउंड चुकत न्हाई." आमच्याही काळी मुली हेच म्हणायच्या. मीसुद्धा म्हणायचे.

कोर्समधला एक धडा इथे उभा राहिला. खाल्लेल्या कॅलरींतून शरीर सरावात जितकं जाळतं ते वजा करून बाकीच्या कामांना किती उरतं, हे बघायचं. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या किलोमागे तीस कॅलरीच्या खाली गेलं की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी थांबते, हाडं कमजोर होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) नाव दिलं. तिची चरबी धरली दहा किलो, उरले अडतीस. खायची १,४००, ग्राउंडवर जाळायची ४५० च्या आसपास. उरलेल्या ९५० ला अडतीसने भागलं, पंचवीस आले. कागदावर तो आकडा बघून मला माझी आठवी-नववी आठवली.

मी तिला उपचार दिले नाहीत. तिला घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. गोळ्या डॉक्टरांनी दिल्या. माझं काम एवढंच की पळणं महिनाभर निम्मं केलं, जेवणाला चिकटून चहा बंद केला कारण त्याने लोह अंगी लागत नाही, आणि दिवसात दोन वेळचं खाणं वाढवलं. तिसऱ्या महिन्यात पाळी आली. मला मेसेज आला, त्यात फक्त एक अंगठा होता. वेळ अजून पहिल्यासारखा झालेला नाही, पण नडगी दुखायची थांबलीय.

नवीन येणाऱ्यांनी ही हद्द ओळखून घ्या. सहा महिन्यांच्या सर्टिफिकेटने तुम्ही आहारतज्ज्ञ होत नाही. गल्लीत मला 'डाएटवाल्या मॅडम' म्हणतात आणि कुणी शुगरचा रिपोर्ट पुढे करतं, कुणी किडनीचा. शुगर, किडनी, गरोदर बाई, मी हात जोडते. त्याला पोषणशास्त्राची पदवी लागते, दवाखान्यातला अनुभव लागतो.

पैशांचं खरं सांगते. महिना तीनशे रुपये ठेवलेत, सव्वीसांपैकी नऊजण देतात. एका पालकाने विचारलं, "जेवायचं सांगायचे कसले पैसे?" उत्तर अजून सुचलेलं नाही. या वेगाने फी वसूल व्हायला वर्ष-दीड वर्ष लागेल. जिम असेल, शाळा-ॲकॅडमी असेल, हाताशी पोरं असतील तर कोर्स घ्या. नुसत्या सर्टिफिकेटवर मराठवाड्यात नोकरी मिळेल म्हणून घेत असाल तर अडतीस हजार जपून ठेवा. इंग्रजी कच्चं असेल तर आधी विचारून घ्या. मराठी म्हणून सांगतात ती मशीनने केलेली सबटायटल असतात, त्यात 'फास्टिंग'चं एका ठिकाणी 'वेगाने' झालेलं मी स्वतः वाचलंय.

नूतनीकरण करायचं की नाही, अजून ठरलेलं नाही.

मेसचं मात्र जमलं. त्या गाळणीनंतर मावशींशी बोलणं वाढलं. वीस पोरं नक्की येतील अशी हमी दिल्यावर गेल्या दोन महिन्यांपासून त्या आठला दार उघडतात. वीस रुपयांत ज्वारीच्या कण्या नाहीतर भाकरी, मटकीची उसळ आणि ग्लासभर ताक. ताक पातळ असतं, पण ते आपणहून देतात, हिशेबात नाही. एकादशीला अजून साबुदाण्याची खिचडीच असते. त्यावर मी काही बोललेले नाही, फक्त दाण्याचं कूट दुप्पट घालायला सांगितलंय.