मोरसला गेलेल्या पूर्वजाचा बनावट दाखला

आमच्या खापरपणजोबांचे धाकटे भाऊ रत्नागिरीकडून मुंबईस आले आणि तेथून जहाजाने ‘मोरस’ला, म्हणजे मॉरिशसला, ऊसतोडणीसाठी गेले, एवढेच घरात ऐकत आलो होतो. आजी पांढऱ्या साखरेला शेवटपर्यंत मोरस साखरच म्हणे.

गिरमिटियांची, म्हणजे करारावर परदेशी मजुरीला गेलेल्यांची, कागदपत्रे शोधून देणाऱ्या एका गृहस्थांची गेल्या वर्षी व्हॉट्सअॅपवर ओळख झाली. नाव, गाव आणि १८,००० रुपये घेऊन त्यांनी पंधरा दिवसांत दाखला धाडला: पिवळट कागद, गोल शिक्का, आडनावासह पूर्ण नाव, जहाज ‘अॅटलस’, मुंबई बंदर, सन १८३४, पगार दरमहा २५ रुपये आणि कोपऱ्यात फेटा बांधलेल्या माणसाचा फोटो. आईने तो चौकटीत लावून घेतला.

संशय मला फार उशिरा आला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात पोहोचलेले ‘अॅटलस’ कलकत्त्याहून निघाले होते. त्यावरच्या ३६ मजुरांत बहुतेक छोटा नागपूरकडचे (आजच्या झारखंडातले) होते आणि पुरुषांचा पगार महिना ५ रुपये ठरला होता. छायाचित्रणाचे तंत्र तर जगापुढे आले तेच १८३९ मध्ये, आणि मॉरिशसमध्ये मजुरांचे फोटो काढण्याची पद्धत १८६० च्या दशकातली. नोंदवह्यांत बहुधा नुसते नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, उंची आणि अंगावरची खूण असे, आडनाव क्वचितच. पैसे देण्यापूर्वी हे सारे वाचता आले असते, पण नात्याच्या माणसाचा चेहरा मिळणार म्हटल्यावर माणूस तारखा तपासत नाही. त्या गृहस्थांकडे विचारणा केली तेव्हा ‘नकलनविसाची चूक’ असे सांगून त्यांनी दुरुस्तीचे ६,००० रुपये मागितले. मी नकार देताच त्यांनी नंबर ब्लॉक केला.

असा शोध घेणाऱ्यांनी मध्यस्थाकडे सर्वप्रथम स्थलांतरिताचा क्रमांक मागावा, कारण मॉरिशसला उतरलेल्या प्रत्येकाला तो दिला जाई आणि पुढच्या नोंदी त्यालाच जोडलेल्या असत. मी मागितला, तेव्हा तो ‘गोपनीय’ असल्याचे उत्तर आले होते. तिथेच थांबायला हवे होते. मूळ नोंदवह्या मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि तिथे थेट पत्र लिहिता येते. नाव, बापाचे नाव आणि गाव एवढ्यावर मी आता अर्ज केला आहे. तोवर चौकट रिकामी आहे.