टाकीतली जाळी: धुऊन चालवायची की नवी टाकायची?

जळगाव-धुळे सपाटीवर गाडी छान पळते, पण चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट लागला की पिकअप सोडते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. बाहेरचा डिझेल फिल्टर बदलूनही हेच चाललं असेल, तर टाकीतल्या जाळीवर, म्हणजे डिझेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी असलेल्या गाळणीवर, संशय घ्या. इंजिन थांबलं की ओढ थांबते, जाळीला चिकटलेला गाळ खाली सुटतो, म्हणून गाडी परत धावते. खात्रीसाठी कॅनमधून डिझेल थेट फिल्टरला देऊन चालवून बघा.

जाळी धुणं आणि नवीन युनिट (जाळी ज्याला बसवलेली असते तो टाकीतला अख्खा भाग) टाकणं, मी दोन्ही करून बघितलंय. नळीतून टाकीकडे उलटी हवा मारून जाळी मोकळी करण्याचा उपाय मी धरत नाही, त्यात गाळ टाकीतच राहतो.

धुण्याचा खर्च म्हणजे जवळपास मजुरीच. माझ्या गाडीत मागच्या सीटखाली झाकण आहे, त्यामुळे टाकी उतरवावी लागली नाही. जाळीवर काळा, बुळबुळीत थर होता, बोटाने ओढला की सायीसारखा निघायचा. डिझेलमध्ये धुऊन उजेडात धरली तर आरपार दिसायला लागलं. गाडी घाट चढली.

पण झाकणाचं रबर! वर्षानुवर्षं डिझेल पिऊन ते फुगलेलं असतं. खाचेत एका बाजूने दाबलं की दुसरीकडून वर येतं. मिस्त्रींनी कसंबसं बसवून झाकण आवळलं. पुढे टाकी फुल केली की वळणावर डिझेल पाझरायचं. मे महिन्याचं ऊन, एसीसाठी काचा बंद आणि आत तो वास. आईला रावेरला नेत होतो, भुसावळ येईपर्यंत तिचं डोकं धरलं. नुसतं रबर मला जळगावात कुठेच मिळालं नाही.

शेवटी रबरासकट नवीन युनिट घेतलं. महाग पडलं, हे खरं. पण त्याच वेळी टाकीचा तळही पुसून घेतला, आणि वास त्या दिवशी गेला तो गेलाच.

गाडी लवकरच विकायची असेल आणि रबर शाबूत असेल, तर धुणं पुरे होईल. ठेवायची असेल तर मी तरी युनिटच टाकेन. काम टाकी पावच भरलेली असताना काढा, आणि पैसे देण्याआधी खोक्यात रबर आहे का, ते दुकानातच उघडून बघा.