कांद्याच्या बातम्यांसाठी एक्सची ‘लिस्ट’: वापरून पटलेली सोय

साठवणीच्या चाळीत कांदा असताना निर्यातीची बातमी वेळेवर मिळायला हवी आणि खरीही हवी. आमच्या निफाड तालुक्यात व्हॉट्सअ‍ॅपवर ती वेळेवर येते, खरी असेलच असं नाही. म्हणून मी एक्सवरची (पूर्वीचं ट्विटर) ‘लिस्ट’ वापरतो. फुकट आहे, हवी ती खाती एका जागी दिसतात, त्यांना फॉलो करायची गरज नाही.

कस लागतो तो खाती निवडताना. निळ्या टिकवर जाऊ नका, ती पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांची टिक करड्या रंगाची. पीआयबी (केंद्र सरकारचं प्रसिद्धी खातं), हवामान खातं ही घ्याच.

पत्रकार, निर्यातदार, अभ्यासक मात्र पारखून घ्यावे लागतात. त्यासाठी अ‍ॅडव्हान्स सर्च उघडा, ‘कांदा निर्यात’ लिहा आणि तारखा फेब्रुवारी 2024 च्या टाका. निर्यातबंदी तेव्हा 31 मार्चपर्यंत होती, तरी मध्येच ती उठल्याची हवा झाली. लासलगावात घाऊक भाव क्विंटलला 1280 वरून 1800 रुपयांवर गेला. 20 तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी स्पष्ट केलं, बंदी कायम आहे. त्या दोन-तीन दिवसांत कोण काय लिहीत होतं ते आजही वाचता येतं. बहुतेकांनी गुलाल उधळला. मोजक्या लोकांनी विचारलं, ‘डीजीएफटीची अधिसूचना निघाली का?’ (डीजीएफटी म्हणजे आयात-निर्यातीचे आदेश काढणारं केंद्राचं कार्यालय.) हे मोजके लोक मी उचलले.

मग हीच चाळणी 4 मे 2024 ला लावली. त्या दिवशी बंदी खरोखर उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी दरानं माल बाहेर पाठवता येत नाही) आणि 40 टक्के निर्यातशुल्क ठेवून. ‘निर्यात खुली’ एवढंच लिहून थांबलेला माणूस मला नको. या दोन अटींमुळे आपला माल दुबईत काय दरानं पडेल, हे ज्यानं त्याच दिवशी हिशोब मांडून सांगितलं, तो लिस्टमध्ये सगळ्यात वर. अशा माणसाचे फॉलोअर्स थोडे असले तरी चालतील.

उणीव एकच वाटते, मराठीत नेमकं लिहिणारे कमी सापडतात, बरंच इंग्रजीतच वाचावं लागतं. आणि माणसं बदलतात. निवडणुकीच्या दिवसांत कांदा सोडून पक्षाचाच प्रचार करायला लागलेली दोन खाती मी काढून टाकली. दर हंगामाला, उन्हाळ कांदा काढणीला यायच्या आधी, लिस्ट एकदा निवडून घ्या.