बर्लिन फिलहार्मोनिकचा डिजिटल कॉन्सर्ट हॉल : वर्गणी घ्यावी ती संग्रहासाठी

बर्लिन फिलहार्मोनिक या जर्मन वाद्यवृंदाच्या ‘डिजिटल कॉन्सर्ट हॉल’ या सशुल्क सेवेवर थेट मैफली आणि जुना संग्रह असे दोन्ही मिळत असले, तरी वर्गणीचे पैसे वसूल होतात ते संग्रहामुळेच, असे माझे मत आहे. बर्लिनमध्ये रात्री आठला मैफल सुरू होते तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात, आणि सकाळी कामावर जाणाऱ्याला ते जागरण परवडत नाही. तीच मैफल काही दिवसांत संग्रहात येते.

या वाद्यवृंदाची घडण ठाऊक असेल, तर संग्रह अधिक रंगतो. १८८२ साली बेंजामिन बिल्झे यांच्या वादकसंचातील ५४ जण, वॉर्साच्या दौऱ्यासाठी रेल्वेच्या चौथ्या वर्गाने जावे लागणार म्हणून बिनसले आणि त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. नवा सहकारी आणि मुख्य संचालक (वादन चालवणारा कंडक्टर) वादकांनीच मतदानाने निवडायचे, हा त्यांचा बाणा आजही कायम आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाचे मुख्य संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांनी क्लॅरिनेटवादक साबिने मायर यांना वाद्यवृंदात घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी नकार दिला. कारायान यांचा दरारा पाहता हे धाडसच म्हणायचे.

त्याच कारायान यांची जुनी चित्रणे संग्रहात आहेत. त्यांत डोळे मिटलेले संचालक पडदा व्यापून असतात आणि वादकांचे बहुधा हात, गज आणि वाद्येच दिसतात. याउलट सध्याचे मुख्य संचालक किरिल पेट्रेन्को यांच्या मैफलीत ओबोवादक श्वास घेण्याआधी शेजारच्या बासरीवादकाकडे टाकतो ती नजरही टिपली जाते. वास्तुरचनाकार हान्स शारून यांनी उभारलेल्या, १९६३ साली खुल्या झालेल्या फिलहार्मोनी सभागृहात श्रोते मंचाच्या चहूबाजूंनी बसतात, त्यामुळे संचालकाचा चेहराही समोरून पाहता येतो. १९६१ पासून या वाद्यवृंदाशी नाते असलेले मुंबईचे झुबिन मेहता यांच्या मैफलीही अवश्य पाहाव्यात.

कॅमेरा मात्र सतत जागा बदलतो आणि कोणाकडे पाहायचे हे आपल्या वतीने ठरवून टाकतो, हे खटकते. मुलाखतींसाठी इंग्रजी उपशीर्षकांचा आधार घ्यावा लागतो. वर्षाची वर्गणी भरण्याआधी आठवड्याचे तिकीट घेऊन पाहावे, आणि टीव्हीच्या स्पीकरवर डबल बास ही खर्जातली मोठी तंतुवाद्ये जवळजवळ ऐकूच येत नाहीत, म्हणून चांगला हेडफोन वापरावा.