फॅशन ड्रॉइंग डिजिटल शिकायचंय: प्रोक्रिएट, इलस्ट्रेटर, कोरल की इंकस्केप?

सॉफ्टवेअर निवडताना बहुतेकजण किमतीपासून सुरुवात करतात. त्याआधी एक गोष्ट ठरवून टाका: तुमचं चित्र शेवटी कुणाच्या हातात जाणार आहे? ग्राहकाच्या, कटिंग मास्टरच्या, की कापड छापणाऱ्याच्या? ग्राहकाला घेर कसा पडेल, कापड अंगावर कसं बसेल ते दिसायला हवं. मास्टरला शिवण कुठून जाते, टीप एकेरी की दुहेरी, स्लिट किती इंचांचा, मागचा गळा कसा, एवढंच हवं असतं. चेहरा, केस, सावल्या त्याच्या काहीच कामाच्या नाहीत. छापणाऱ्याला जोड न दिसणारं रिपीट (कापडभर पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा) आणि मोजके रंग लागतात.

प्रोक्रिएट आणि क्रिटा (हे चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर) पिक्सेलवर, म्हणजे रंगीत ठिपक्यांवर, चालतात. ए-फोर कागद ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल, ए-थ्री म्हणजे ३५०८ × ४९६१. छोट्या कॅनव्हासवर काढलेलं चित्र नंतर मोठं केलं की कडा फुटतात, म्हणून आकार आधीच ठरवावा लागतो. इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ आणि इंकस्केप व्हेक्टरवर चालतात. तिथे रेघ बिंदू आणि वक्रांच्या हिशेबात साठवलेली असते, त्यामुळे ती कितीही मोठी करा, फाटत नाही. मुख्य म्हणजे सहा महिन्यांनी तीच फाइल उघडून गळा दोन सेंटिमीटर खाली आणता येतो. पिक्सेलमध्ये तो खोडून पुन्हा काढावा लागतो.

आधी क्रोकी आणि फ्लॅट यांतला फरक

फॅशन इलस्ट्रेशनची आकृती, म्हणजे क्रोकी, साधारण नऊ डोक्यांची काढतात. खरा माणूस साडेसात डोक्यांच्या आसपास असतो. नऊच्या हिशेबात हनुवटी पहिल्या रेघेवर, खांदे दीडवर, छाती दोनवर, कंबर तीनवर, मांड्यांचा जोड चारवर आणि गुडघे सहाच्या थोडे वर येतात. वाढवलेली उंची जवळपास सगळी पायांत असते. चित्र म्हणून ते छान दिसतं, पण याच आकृतीवर फ्लॅट, म्हणजे मास्टरसाठी शिवणी-टिपांसह काढलेलं नुसत्या कपड्याचं सपाट चित्र, काढला की घोटाळा होतो. गुडघ्याखाली येणारा कुर्ता चित्रात वेगळ्याच लांबीचा वाटतो, मास्टर चित्राकडे बघून अंदाज बांधतो आणि सॅम्पल चुकतं. म्हणून फ्लॅटसाठी साडेसात-आठ डोक्यांची वेगळी आकृती ठेवा आणि चित्राशेजारी मापं लिहा. सॉफ्टवेअर कोणतंही घेतलं तरी या दोन आकृत्या आधी तयार करून कुलूप लावलेल्या लेयरवर (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांपैकी एकावर) ठेवायच्या.

प्रोक्रिएट: हात लवकर बसतो

हे फक्त आयपॅडवर (आणि वेगळ्या, छोट्या आवृत्तीत आयफोनवर) चालतं. पैसे एकदाच भरायचे. ज्याचा हात कागदावर बसलेला आहे त्याला हे सर्वांत जवळचं वाटेल. रेघ काढून पेन्सिल न उचलता क्षणभर थांबलं की ती सरळ किंवा नीट वळणाची होते. ब्रशमधली स्ट्रीमलाइन वाढवली की लांब घेराची रेघ थरथरत नाही. शिफॉन, ऑर्गंझा, मखमल यांचा पोत दाखवण्यात व्हेक्टरवालं कुठलंही सॉफ्टवेअर याच्या जवळ येत नाही.

अडचणी बहुतेक रंग भरताना येतात. कोपऱ्यातला रंग ओढून आकारात टाकला आणि पूर्ण कॅनव्हास रंगला, तर दोन कारणं असतात: बाह्यरेषेत कुठेतरी फट आहे किंवा थ्रेशोल्ड (रंग किती पसरू द्यायचा त्याची मर्यादा) जास्त आहे. रंग टाकल्यावर बोट न उचलता डावीकडे सरकवलं की थ्रेशोल्ड कमी होतो. फार कमी केला तर रेघ आणि रंग यांच्यामध्ये पांढरी किनार राहते, म्हणून रंग बाहेर सांडण्याच्या जरा अलीकडे थांबवायचा. रेघांच्या लेयरला रेफरन्स करून रंग खालच्या वेगळ्या लेयरवर भरावा, म्हणजे रंग बदलताना रेघांना धक्का लागत नाही.

प्रिंट बसवण्यासाठी रंगाच्या लेयरवर कापडाचा फोटो आणून क्लिपिंग मास्क करतात, म्हणजे फोटो खालच्या रंगाच्या आकारापुरताच दिसतो, मग वॉर्पने चुण्यांप्रमाणे वाकवतात. प्रत्येक वेळी वाकवलं की पिक्सेल नव्याने मांडले जातात आणि चौथ्या-पाचव्या वेळेला बुट्टी पुसट होते. मूळ फोटोची एक प्रत लपवलेल्या लेयरवर ठेवा आणि दुरुस्ती नेहमी तिच्यापासून करा.

सिमेट्रीने, म्हणजे एका बाजूची रेघ दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवून, फ्लॅट काढता येतो, पण त्यासाठीचा ड्रॉइंग असिस्ट लेयरनुसार चालू करावा लागतो. नवा लेयर घेतला, असिस्ट राहून गेला आणि एकच बाही काढून झाली, हे नवशिक्यांचं नेहमीचंच. शिवाय पुढची पट्टी एका बाजूवर चढलेली असते, ती असिस्ट बंद करून वेगळ्या लेयरवरच काढायची. छापायला द्यायचं असेल तर सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचं) प्रोफाइल कॅनव्हास उघडतानाच निवडा. आरजीबीत (पडद्याच्या रंगांत) उघडलेला कॅनव्हास नंतर सीएमवायके होत नाही. लेयर किती मिळतील हे कॅनव्हासचा आकार आणि आयपॅडची मेमरी यांवर ठरतं. जुन्या आयपॅडवर ए-थ्री घेतला की लेयर भराभर संपतात.

इलस्ट्रेटर: मास्टरला देण्याजोगा फ्लॅट

एक साधा कुर्ता घेऊन बघू. मधोमध उभी गाइड ओढा. पेन टूलने फक्त अर्धा कुर्ता काढा: गळ्याच्या मध्यबिंदूपासून खांदा, मुंढा, बाजू, घेर आणि परत मध्यरेषेपर्यंत. बिंदू जितके कमी तितकं बरं. मुंढ्याच्या वळणाला दोन-तीन पुरतात. दहा बिंदू टाकलेत तर वळण खडबडीत दिसणारच. मग रिफ्लेक्ट टूल घेऊन, ऑल्ट दाबून मध्यरेषेवर क्लिक करा, उभा अक्ष निवडा आणि कॉपी. आता डायरेक्ट सिलेक्शनने गळ्याचे दोन टोकबिंदू पकडून कंट्रोल-जे दाबा, तेच खाली घेराला.

इथे हमखास दोन गोष्टी बिघडतात. टोकं तंतोतंत मध्यरेषेवर नसतील तर जोडताना त्यांच्यामध्ये बारीक आडवी रेघ तयार होते आणि मोठं करून बघेपर्यंत कळत नाही. कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-जे दाबलं की दोन्ही टोकं सरासरी जागेवर येऊन जुळतात. दुसरं, गोल गळ्याच्या मध्यबिंदूवरचा हँडल (वळण ठरवणारी छोटी दांडी) अगदी आडवा नसेल तर आरशातल्या प्रतीशी जुळताना तिथे टोक येतं. गोल गळा सांगितलेला असतो आणि चित्रात हलकासा व्ही दिसतो. हँडल शिफ्ट दाबून ओढा, आडवाच राहील.

रेघांची जाडी हीच फ्लॅटची भाषा. बाहेरची कड १ ते १.५ पॉइंट, शिवण ०.५ ते ०.७५, टीप ०.२५ ते ०.५ आणि तुटक. टीप दाखवायला स्ट्रोक पॅनेलमध्ये डॅश २ पॉइंट, गॅप १.५ पॉइंट बरे दिसतात. गोल टोक निवडलं तर प्रत्येक डॅश दोन्ही बाजूंना रेघेच्या अर्ध्या जाडीइतका वाढतो. जाड रेघेला गॅप कमी ठेवला तर टीप सलग दिसू लागते आणि मास्टर तिला शिवण समजतो. फ्लॅट लहान करताना ‘स्केल स्ट्रोक्स अँड इफेक्ट्स’ चालू आहे ना, बघून घ्या. नाहीतर कपडा लहान होतो, रेघा तेवढ्याच जाड राहतात आणि कॉलर म्हणजे काळा ठिपका होतो.

चेक्स किंवा पट्ट्यांचं कापड उरेब कापायचं असेल तर पॅटर्न भरा, रोटेटच्या खिडकीत ‘ट्रान्सफॉर्म ऑब्जेक्ट्स’ची खूण काढा, ‘ट्रान्सफॉर्म पॅटर्न्स’ची ठेवा आणि ४५ अंश द्या. कपडा जागेवर राहतो, चेक्स तिरपे होतात. योक उरेब आणि अंग सरळ, हे मास्टरला एका नजरेत समजतं. या एका सोयीसाठीसुद्धा व्हेक्टर शिकावं.

कोरलड्रॉ आणि इंकस्केप

आपल्याकडच्या छपाईवाल्यांकडे, फ्लेक्सवाल्यांकडे, मशीन एम्ब्रॉयडरीच्या दुकानांत कोरल सर्रास असतं. तुमचं काम अशा ठिकाणी रोज जाणार असेल तर कोरल शिकण्यात शहाणपण आहे. फ्लॅट काढायची रीत तीच, फक्त जोडणी वेगळी: आरशातली प्रत आणि मूळ अर्धा भाग आधी कंट्रोल-एलने कम्बाइन करायचा, मगच एफ-टेनने शेप टूल घेऊन दोन नोड (रेघेवरचे बिंदू) जोडता येतात. कम्बाइन न करता नोड कितीही निवडा, जुळणार नाहीत. दुसरी खाच आवृत्तीची. नव्या कोरलमधली फाइल जुन्या कोरलला उघडत नाही. समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते विचारून, सेव्ह करताना तीच निवडा आणि सोबत पीडीएफ द्या.

इंकस्केप पूर्ण मोफत आहे आणि फ्लॅट शिकण्यासाठी ते पुरेसं आहे, हे आम्ही ठामपणे सांगतो. त्यातला मिरर सिमेट्रीचा पाथ इफेक्ट इलस्ट्रेटरच्या रिफ्लेक्टपेक्षा शिकणाऱ्याला सोयीचा आहे, कारण एक बाजू हलवली की दुसरी आपोआप हलते. ‘फ्यूज पाथ्स’वर खूण केली की मधली जोडणीही होते. कमी पडतं ते छपाईच्या बाजूला: सीएमवायकेचं काम तिथे नीट होत नाही. फाइल मोठी आणि पॅटर्नने भरलेली असेल तर वेगही मंदावतो. मास्टरला पीडीएफ द्यायची असेल तर या दोन्हींचा त्रास जाणवत नाही.

पैठणीचा काठ कुठे चांगला येतो

नऊवारी किंवा काठपदराचा घागरा काढणाऱ्यांनी ही चाचणी जरूर करावी. इलस्ट्रेटरमध्ये काठाचा एक तुकडा काढून त्याचा पॅटर्न ब्रश केला की घेराच्या रेघेवर काठ आपोआप धावतो. मात्र खऱ्या चुणीत काठ घडीआड जातो आणि पुढच्या घडीवर नक्षी मधूनच सुरू होते. ब्रशचा काठ अखंड वळत राहतो, त्यामुळे साडी कागदी वाटते. उपाय म्हणजे प्रत्येक घडीला रेघ तोडायची आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा ब्रश लावायचा. दहा-बारा निऱ्यांना हे कंटाळवाणं आहे. प्रोक्रिएटमध्ये काठाची पट्टी प्रत्येक निरीसाठी वेगळ्या प्रतीत घेऊन वॉर्प केली, वर मल्टिप्लाय लेयरवर सावली टाकली की काम पटकन आणि जास्त खरं होतं. नेसण्याचं चित्र हवं असेल तर पिक्सेलच.

कापडाच्या रिपीटमध्ये मात्र पारडं पुन्हा फिरतं. इलस्ट्रेटरच्या पॅटर्न ऑप्शन्समध्ये ‘ब्रिक बाय कॉलम’ आणि अर्धा ऑफसेट दिला की हाफ-ड्रॉप (प्रत्येक पुढचा उभा रकाना अर्ध्या उंचीने खाली सरकलेलं रिपीट) तयार, आणि जोड समोर दिसत राहतो. मोफत हवं असेल तर क्रिटात डब्ल्यू दाबून रॅप अराउंड चालू करा: उजवीकडे बाहेर गेलेला ब्रश डावीकडून आत येतो. प्रोक्रिएटमध्ये कॅनव्हास चार भागांत कापून उलटसुलट मांडावा लागतो आणि एखाद्या पिक्सेलची चूक मीटरभर कापडावर रेघ होऊन उमटते. रोटरी स्क्रीनवर (फिरत्या गोल जाळीच्या सिलिंडरवर) छापायचं असेल तर स्क्रीनचा घेर सहसा ६४ सेंटिमीटर असतो, म्हणून रिपीटची उंची त्याला भागणारी ठेवा: ६४, ३२ किंवा १६. प्रत्येक रंगाला एक स्क्रीन लागते. मऊ ब्रशने काढलेल्या फुलात डझनावारी छटा असतात आणि त्या वेगळ्या करण्याचं काम खर्च वाढवतं. इलस्ट्रेटरमध्ये रंग ग्लोबल स्वॉच म्हणून ठेवले तर एक स्वॉच बदलून पूर्ण कलरवे (त्याच नक्षीची रंगसंगती) बदलतो.

रंगाबाबत पडद्यावर विसंबू नका, सॉफ्टवेअर कोणतंही असो. पॅन्टोनचा टीसीएक्स (कापडासाठीच्या ठरलेल्या रंगांचा) नंबर लिहा, नाहीतर चित्रासोबत कापडाचा तुकडा जोडा.

पैसे आणि यंत्र

इलस्ट्रेटरचं वर्गणीचं गणित नीट वाचा. महिन्याला पैसे कापले जाणारा वार्षिक प्लॅन हा महिन्याचा प्लॅन नसतो. मध्येच सोडला तर रद्द करण्याचं शुल्क लागतं. विद्यार्थ्यांना वेगळा दर आहे आणि सात दिवसांची मोफत चाचणीही. लॅपटॉपला निदान ८ जीबी रॅम हवी, १६ असेल तर बरं. फ्लॅट माउसवरही उत्तम काढता येतात. बिनपडद्याचा पेन टॅबलेट घेतलात तर त्याचं क्षेत्र पडद्याच्या प्रमाणात जुळवून घ्या, नाहीतर हाताने काढलेलं वर्तुळ पडद्यावर लंबगोल येतं. आयपॅड घेताना कोणत्या मॉडेलला कोणती ॲपल पेन्सिल चालते हे दुकानात जाण्यापूर्वी तपासा. सगळ्या पेन्सिली सगळ्या आयपॅडना चालत नाहीत.

घरून बुटीक चालवणाऱ्या आणि ग्राहकाला समोर बसवून डिझाइन ठरवणाऱ्या ताईंनी आयपॅड आणि प्रोक्रिएट घ्यावं. मास्टरसाठी हाताने काढलेला फ्लॅट आणि मापांचा कागद चालून जातो. गारमेंट कंपनीत किंवा एक्स्पोर्ट हाउसमध्ये नोकरी हवी असेल तर इलस्ट्रेटरला पर्याय नाही, टेक पॅक (कपडा शिवण्यासाठीची मापं-तपशिलांची फाइल) त्यातच मागतात. पैसे घालण्याआधी जमतंय का ते बघायचं असेल तर घरातल्या लॅपटॉपवर इंकस्केप आणि क्रिटा घ्या, आणि इंकस्केपमध्ये कुर्ता, कॉलरचा शर्ट, पॅनेलचा स्कर्ट असे तीन फ्लॅट पुढून-मागून पूर्ण करा. कॉलरचा शर्ट जमला की पेन टूल आलं असं समजायला हरकत नाही. निफ्टची (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या प्रवेशाची) तयारी करणाऱ्यांनी मात्र हे सगळं प्रवेशानंतरसाठी ठेवावं, कारण तिथली क्रिएटिव्ह ॲबिलिटी टेस्ट कागदावर हाताने द्यायची असते आणि त्या महिन्यांत हातात पेन्सिलच हवी.